‘मला काही होणार नाही ना?’

ताई,
माझा नवरा ४१ वर्षांचा आहे. आठ महिन्यांपूर्वी उड्डाणपुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना गाडीतच त्याची छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, हात बधिर झाले. हार्ट अटॅकच आला असं समजून दवाखान्यात नेलं. सगळं नॉर्मल. त्यानंतर आणखी दोनदा तसंच झालं. ईसीजी, इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉईड, सगळं करून झालं. डॉक्टर म्हणाले, ‘हृदय ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नका.’ पण आता तो पुलावरून जात नाही, गाडी चालवत नाही, लिफ्टमध्ये चढत नाही. ऑफिसला मी सोडते, मीच आणते. दिवसातून दहा-बारा फोन येतात आणि प्रश्न एकच: ‘मला काही होणार नाही ना?’ मी म्हणते, ‘नाही रे, काही होणार नाही.’ एका मित्राने दिलेली शांत वाटण्याच्या गोळ्यांची पट्टी त्याच्या शर्टाच्या खिशात असते. एकही गोळी त्याने घेतलेली नाही, पण पट्टीशिवाय तो उंबरा ओलांडत नाही. सासूबाई म्हणतात, मन खंबीर कर. गेल्या वर्षी सासरे हार्ट अटॅकने गेले, त्यामुळे त्या तशाही खचल्यात. मी थकले आहे, आणि थकले म्हणून स्वतःचाच राग येतो. हा आजार आहे की स्वभाव? औषधं सुरू केली तर जन्मभर घ्यावी लागतील का? आणि ती पट्टी मी गुपचूप काढून टाकू का?
– नाव छापू नये

तुम्ही पत्रात नवऱ्याला ‘तो’ म्हटलंय, म्हणून मीही ‘तो’च म्हणते. त्याने हे वाचलं तर राग मानू नये.

आधी तुमचा पहिला प्रश्न. हा आजार आहे. पत्रावरून पक्कं निदान करता येत नाही, ते त्याला समोर बसवून, सविस्तर बोलूनच व्हायला हवं. पण तुम्ही लिहिलेली एकेक खूण पॅनिक डिसऑर्डरकडे, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्यांच्या आजाराकडे, बोट दाखवते, आणि पूल, गाडी, लिफ्ट असं एकेक सुटत गेलंय त्याला ॲगोराफोबिया म्हणतात. या शब्दाचा अर्थ ‘मोकळ्या जागेची भीती’ असा सर्रास सांगितला जातो, तो अपुरा आहे. जिथून पटकन बाहेर पडता येणार नाही, किंवा काही झालं तर मदत मिळणार नाही, अशा जागांची ही भीती. म्हणून तर पूल आणि लिफ्ट, एरवी एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन गोष्टी, त्याच्या यादीत शेजारी शेजारी बसल्यात. आणि म्हणूनच तुम्ही बरोबर असलात की यादीतल्या काही जागा चालतात. तुम्ही म्हणजे त्याची चालतीबोलती मदत.

तपासण्या केल्यात ते योग्यच केलंत. थायरॉईड वाढलेलं असेल, हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, अंगात रक्त कमी असेल, दम्याची काही औषधं चालू असतील किंवा दिवसभर कॉफीवर कॉफी होत असेल, तर अगदी अशीच धडधड होऊ शकते. त्यात वडील हृदयविकाराने गेलेले. तेव्हा ते सगळं बघायलाच हवं होतं. उद्या काही नवं दिसलं, म्हणजे चढ चढताना छाती भरून येणं, कळ हातात किंवा जबड्यात जाणं, शुद्ध हरपणं, तर पुन्हा डॉक्टरकडे जायचं, यात वाद नाही. पण त्याच जुन्या धडधडीसाठी चौथा ईसीजी काढला, तर त्याला मी तपासणी म्हणणार नाही. तो तुम्हाला फोनवर विचारतो तोच प्रश्न आहे, फक्त यंत्राला विचारलेला.

‘हृदय ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नका’ या वाक्याने मात्र घोटाळा होतो. डॉक्टर खरंच सांगत असतात, पण अर्धंच. पेशंटला ऐकू येतं ते असं: ‘तुला काहीही झालेलं नाही, तू नाटक करतोयस.’ ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात जेकब मेंडिस दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांकडे सैनिक यायचे. छातीत धडधड, धाप, कळ, आणि हृदय तपासावं तर दोष सापडत नाही. त्यांनी १८७१ साली त्यावर लिहिलं आणि नाव दिलं ‘इरिटेबल हार्ट’, म्हणजे चिडकं हृदय. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे स्वतंत्र नाव आलं ते थेट १९८० मध्ये. छातीवर हात दाबून दवाखान्यात आलेल्या माणसाला नेमकं नाव मिळायला शंभरावर वर्षं लागली. तुमच्या नवऱ्याला आठ महिने लागले, हे त्या मानाने लवकरच.

आता त्याच्या छातीत जे होतं ते नेमकं काय, हे जरा बारकाईने बघू. कारण ते खोटं नसतं. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, अमिग्डाला. धोक्याची चाहूल लागली की विचार करणाऱ्या मेंदूला पुरता पत्ता लागायच्या आत तो हालचाल सुरू करतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. पायांच्या स्नायूंना रक्त मिळावं म्हणून हृदय जोरात चालतं. श्वास वाढतो. अंगाला घाम सुटतो. पचन थांबवलं जातं, म्हणून पोटात गोळा येतो आणि तोंड कोरडं पडतं. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली हे सविस्तर मांडलं. ‘लढा किंवा पळा’ या नावाने आपण ते ओळखतो. अंगावर काही धावून येत असेल तर या सगळ्याचा उपयोगच आहे.

पण गाडीत पट्टा लावून बसलेल्या माणसाला ना लढायचंय, ना पळायचंय. स्नायू बसून आहेत आणि श्वास मात्र पळणाऱ्याचा. शरीरात जितका कार्बन डायऑक्साइड तयार होतो त्यापेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगरायला लागतं, आजूबाजूचं सगळं काचेपलीकडचं वाटतं. रक्ताची आम्लता बदलते आणि बोटांत, ओठांभोवती मुंग्या येतात. हात बधिर झाले म्हणालात ते हेच. सगळ्यात चमत्कारिक भाग असा, की रक्तात प्राणवायू भरपूर असतो आणि माणसाला मात्र श्वास पुरत नाहीसा वाटतो. मग तो आणखी जोरात श्वास ओढतो, आणि ज्यातून हे सुरू झालं त्यालाच आणखी जोर येतो. (कागदी पिशवीत श्वास घ्यायचा सल्ला कुणी देईल. ऐकू नका. धाप खरंच दम्याची किंवा हृदयाची असेल तर ती पिशवी महागात पडते.)

हा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतोच. काही केलं तरी उतरतो, काही नाही केलं तरी उतरतो. चक्कर येऊन पडण्याची भीती जवळजवळ सगळ्यांना वाटते, पण बेशुद्ध पडायला रक्तदाब खाली यावा लागतो आणि इथे तो चढलेला असतो. रक्त किंवा सुई बघून खरोखर कोसळणारे लोक असतात. त्यांची गोष्ट निराळी, त्यांचा रक्तदाब आधी चढतो आणि मग धाडकन पडतो.

जिना चढून ठोके वाढले तर आपण म्हणतो, दम लागला. तेच ठोके खुर्चीत बसल्या बसल्या वाढले तर म्हणतो, संपलं. ठोके तेच, अर्थ वेगळा. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली पॅनिकची जी उपपत्ती मांडली तिचा गाभा एवढाच आहे: शरीरातल्या निरुपद्रवी हालचालीचा भयंकर अर्थ लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने हालचाल वाढते, आणि वाढलेली हालचाल त्या अर्थाला पुरावा म्हणून उभी राहते. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण करणाऱ्याने नक्की कधीतरी रात्री तीन वाजता स्वतःची नाडी मोजली असणार.

मग त्याने भयंकर अर्थच का लावला? पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता, सासूबाईंच्या खचण्याचं कारण म्हणून लिहून टाकलंत. सासरे गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मला वाटतं, पुलावरची ती पहिली दहा मिनिटं त्या वाक्यापासून सुरू होतात. ज्याने वडिलांना तसं जाताना पाहिलं किंवा ऐकलं, त्याच्या मनात छातीतल्या धडधडीचा अर्थ आधीच ठरलेला असतो. त्या वर्षभरात तो वडिलांबद्दल किती बोललाय, हे मला माहीत नाही. उपचार करणाऱ्यांना हे सांगायला मात्र विसरू नका. पुलाबद्दल तो आपणहून सांगेल, वडिलांबद्दल सांगेलच असं नाही.

अर्थात वडील गेलेल्या प्रत्येकाला पॅनिक होत नाही. कारण एकच असं नसतं. जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून असं दिसतं, की चिंतेच्या विकारांमध्ये (पॅनिक त्यातलाच एक) माणसामाणसांत जो फरक असतो त्याचा साधारण ३० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. वारशात येते ती ठिणगी लवकर पकडण्याची वृत्ती. आजार जसाच्या तसा येत नाही. काही मुलं जन्मतःच नव्या माणसाला, नव्या जागेला बिचकणारी असतात, त्यांच्यात पुढे याचं प्रमाण जास्त दिसतं. स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या जवळपास दुप्पट आहे. पुरुष सांगायला लाजतात हाही त्यात थोडा भाग असावा, असं मला माझ्यापुरतं वाटतं. त्यावर लहानपणीचे आघात, दुःख, नोकरीचा ताण, अपुरी झोप. आणि दारू. ती संध्याकाळी शांत करते आणि पहाटे व्याजासकट वसूल करते. तो घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

थोडक्यात, ‘स्वभाव की आजार’ हा प्रश्न नीट सुटत नाही, कारण घाबरणं सगळ्यांच्याच स्वभावात आहे. आजार कधी म्हणायचं? भीती धोक्याच्या मानाने खूप मोठी असेल, महिनोन्महिने टिकत असेल आणि तिच्यापायी माणसाचं रोजचं जगणं आक्रसत असेल तेव्हा. तिची रूपं अनेक. कुणाला सहा महिन्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, कशाची ना कशाची काळजी कुरतडत राहते. कुणाची चारचौघांत बोलताना जीभ टाळ्याला चिकटते. कुणी एका कोळ्यासाठी खोली सोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगातले तीस कोटींवर लोक यातल्या कुठल्या ना कुठल्या विकारासह जगत होते, आणि उपचार मिळतात ते चारांपैकी जेमतेम एकाला. इतका सर्वत्र असलेला आणि इतका नीट बरा होणारा आजार, आणि लोक तो लिफ्ट टाळून निभावून नेतात, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट, आणि ती तुमच्याबद्दल आहे.

दारावरचा कुत्रा पोस्टमनवर भुंकतो. पोस्टमन पत्र टाकतो आणि जातो. तो तसाही जाणारच होता. पण कुत्र्याच्या हिशेबी आपण भुंकलो म्हणून तो गेला, म्हणून उद्या आणखी जोरात भुंकायचं. तुमच्या नवऱ्याचं रोज हेच होतं. धडधड सुरू होते, तो तुम्हाला फोन करतो, तुम्ही ‘काही होणार नाही’ म्हणता, दहा मिनिटांत धडधड ओसरते. ती तशीही ओसरणारच होती. पण श्रेय फोनला जातं. तीच गोष्ट खिशातल्या पट्टीची, तीच पुलाऐवजी लांबच्या रस्त्याने जाण्याची, तीच बोलता बोलता दोन बोटं मानेवर ठेवून नाडी बघण्याची. (तो हे करतो का बघा. पॅनिकची बहुतेक माणसं करतात आणि त्यांना कळतही नाही.) प्रत्येक वेळी तो वाचतो आणि प्रत्येक वेळी आपण कशामुळे तरी वाचलो असं शिकतो. आपण मुळात धोक्यातच नव्हतो, हे शिकायची संधी त्याला आठ महिन्यांत एकदाही मिळालेली नाही.

तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. घाबरलेल्या माणसाला धीर देऊ नये, असं कोण म्हणेल? पण या आजारात धीर देण्याची गंमत अशी, की तो पुरत नाही. सकाळचं ‘काही होणार नाही’ दुपारपर्यंत विरतं. तुम्ही थकलात ते तुमचं प्रेम कमी पडलं म्हणून नव्हे. तळ नसलेल्या भांड्यात पाणी ओतून कोणीही थकतं.

आमच्या क्षेत्रात यावर एक हकीकत सांगतात. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका मनोरुग्णालयात डोनाल्ड क्लाइन हे डॉक्टर इमिप्रामिन हे तेव्हाचं नवं औषध अशा पेशंटना देऊन बघत होते. पेशंट म्हणत होते, काही फरक नाही. पण परिचारिकांच्या लक्षात आलं, की ही माणसं दिवसातून कितीदा तरी ‘मी मरतोय’ म्हणत त्यांच्या टेबलाकडे धावत यायची, ती यायची थांबली आहेत. झटके गेले होते. ‘झटका येईल’ ही धास्ती मात्र मागे राहिली होती, म्हणून पेशंटना फरक जाणवत नव्हता. झटका आणि झटक्याची धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा लख्ख दिसलं. तुमच्या घरात परिचारिकांचं ते टेबल म्हणजे तुमचा फोन. तो दहा-बारा वेळा वाजतो त्यातले खरे झटके किती? बहुधा एखादा, किंवा एकही नाही. बाकी सगळी धास्ती.

उपचार या दोन्हींवर करायचे असतात आणि मार्ग दोन आहेत. एक मानसोपचार, त्यातही कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचारांवर आणि वागण्यावर सरावातून काम करणारा उपचार. दुसरा औषधं. दोन्ही उपयोगी पडतात, काहींना दोन्ही मिळून लागतात. औषध लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, ते वैद्यकीय डॉक्टर असतात. थेरपी बहुधा मानसशास्त्रज्ञ करतात. पाटी वाचून गोंधळ होतो, म्हणून विचारून घ्या. आणि थेरपिस्टला पहिल्याच भेटीत हेही विचारा: ‘भीती वाटणाऱ्या गोष्टींचा प्रत्यक्ष सराव करून घेता का?’ उत्तर ‘आपण बोलू, मोकळं वाटेल’ एवढंच आलं तर दुसरं कोणी शोधा. मोकळं वाटणं छानच, पण त्याने पूल ओलांडला जात नाही.

सराव कसा असतो ते सांगते, म्हणजे त्याला दारात शिरताना अंदाज असेल. पुलाआधी शरीर. बारा ते सोळा भेटींचं काम धरा. सुरुवातीच्या भेटींपैकी एखादीत त्याला मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला सांगतील, जागच्या जागी पळायला लावतील, किंवा फिरत्या खुर्चीत बसवून गोल फिरवतील. मी पेशंटबरोबर स्वतःही फिरते, आणि दरवेळी त्यांच्याआधी मलाच गरगरतं. हेतू असा, की ज्या संवेदनांना तो भितो त्या त्याने हाताने निर्माण करायच्या आणि बघायचं काय होतं. त्याआधी कागदावर लिहायचं: ‘मला वाटतं, मी बेशुद्ध पडेन. खात्री शंभरात ऐंशी.’ मग करायचं. मग त्याच कागदावर, खाली: ‘बेशुद्ध पडलो नाही. हाताला मुंग्या आल्या, दोन मिनिटांत गेल्या.’ असे पंधरा-वीस कागद जमले की ते डॉक्टरांच्या ‘ठणठणीत’पेक्षा जास्त बोलतात, कारण अक्षर त्याचं स्वतःचं असतं.

मग लिफ्ट. दार उघडं ठेवून नुसतं आत उभं राहायचं. मग तुमच्याबरोबर एक मजला. मग तुम्ही वरच्या मजल्यावर उभ्या आणि तो एकटा आत. मग तुम्ही घरी. पायऱ्या तो ठरवेल, थेरपिस्ट मदत करेल. दोन पथ्यं फार महत्त्वाची. एक, भीती शिगेला असताना बाहेर पळायचं नाही, नाहीतर कुत्र्याला पुन्हा वाटेल की भुंकणं कामी आलं. दोन, भीती वाटली म्हणजे सराव फसला असं समजायचं नाही. भीती वाटायलाच हवी. न घाबरता केलेल्या गोष्टीतून नवं काय शिकणार? श्वास सावकाश सोडण्याचे व्यायाम, चालणं, पोहणं, वेळेवर झोप, कॉफी कमी करणं, या सगळ्याचा आधार होतो. पण सावकाश श्वास हीसुद्धा खिशातली पट्टी होऊ शकते, ‘श्वास नीट घेतला म्हणून वाचलो’ अशी. एवढं भान असू द्या.

औषधांबद्दल तुमच्या मनात जे आहे ते बहुतेक दोन वेगळ्या औषधांची सरमिसळ आहे. पहिल्या पसंतीची औषधं म्हणजे सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी, मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी. त्यांची सवय लागत नाही, म्हणजे डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण ती लगेच काम करत नाहीत. दोन ते सहा आठवडे धीर धरावा लागतो. पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते आणि अस्वस्थता उलट थोडी वाढू शकते. इथेच अर्धी माणसं ‘मला सोसत नाही’ म्हणून बंद करतात. म्हणून पॅनिकमध्ये जाणते डॉक्टर अगदी कमी मात्रेपासून सुरू करतात. काहींना लैंगिक इच्छा किंवा समाधान कमी झाल्याचं जाणवतं. ते डॉक्टरांना उघड सांगायचं, त्यावर उपाय असतात, लाजून औषध सोडायचं नाही. बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. तेव्हा जन्मभर? बहुतेकांना नाही. काहींना पुन्हा त्रास होतो आणि पुन्हा काही काळ घ्यावी लागतात, यात कमीपणा नाही. एकदम तोडायची मात्र नाहीत. आणि औषध असो नसो, त्याच्या तोंडून कधी ‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही आलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तोवर त्याला एकटं सोडू नका.

दुसरी ती लगेच शांत करणारी, बेन्झोडायझेपिन गटातली. १९६० मध्ये पहिली बाजारात आली आणि हा हा म्हणता घरोघरी पोचली. अर्ध्या-एक तासात गुण येतो, आणि तोच तिचा दोष. रोज घेतली तर काही आठवड्यांत शरीराला सवय होते, सोडताना हाल होतात, आणि दारूबरोबर ती धोक्याची आहे. डॉक्टर कधीकधी थोड्या दिवसांसाठी देतात, ते ठीक. मित्राने खिशातून काढून दिलेली मात्र ठीक नाही. वर्णनावरून ही पट्टी त्याच गटातली वाटते.

आता तुमचे फोन. उद्यापासून एकदम उचलायचे बंद, असं काही करू नका; तो आजाराशी नाही, तुमच्याशी भांडेल. शांत वेळ बघून, झटका चालू नसताना, त्याच्याशी बोला. ‘मी जे उत्तर देते त्याने तुला पाच मिनिटं बरं वाटतं आणि आजाराला दिवसभर. हे आपण मिळून कमी करू या’, अशा अर्थाचं काहीतरी, तुमच्या शब्दांत. मग आकडा ठरवा. बाराचे आठ, दोन आठवड्यांनी पाच. आणि फोन आला तर काय म्हणायचं तेही आधी ठरवून ठेवा, कारण ऐनवेळी तोंडातून ‘काही होणार नाही रे’च निघतं. म्हणा, ‘भीती वाटतेय ना तुला? वाईट असतं ते. तू हे याआधीही पार केलंयस. झालं की सांग.’ यात तुम्ही त्याची भीती खरी मानलीत, तो निभावेल असा विश्वास दाखवलात, आणि प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. पहिले काही दिवस त्याचा त्रास वाढेल. तुमचाही. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी चिंताग्रस्त मुलांसाठी एक उपचार बेतलाय, ज्यात मुलाला भेटतच नाहीत, फक्त आईवडिलांना हेच शिकवतात: भीती मान्य करा, आणि भीतीसाठी घराचं वेळापत्रक बदलणं हळूहळू थांबवा. मुलांची चिंता त्याने कमी होते, थेट थेरपीइतकीच. नवरा म्हणजे मूल नव्हे, हे कबूल. पण घरच्यांच्या वागण्यात किती ताकद असते याचा अंदाज येतो.

सासूबाईंच्या ‘खंबीर हो’वर रागावू नका. त्यांचा जोडीदार गेलाय. तो शब्द त्या मुलाला सांगतात तेव्हा स्वतःलाही सांगत असतील. आणि तुम्ही आठवड्यातली एक संध्याकाळ फोन घरी ठेवून कुठेतरी जा. तो सराव त्याचाही होईल, तुमचाही.

राहिली पट्टी. नाही, गुपचूप काढू नका. ज्या दिवशी खिसा रिकामा सापडेल त्या दिवशी रस्त्यात त्याला जो झटका येईल तो खराखुरा असेल, आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल तो वेगळाच. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या, त्यांना दाखवा, सोडायची कधी ते थेरपिस्टबरोबर ठरू द्या. बहुधा ती शेवटच्या पायऱ्यांपैकी एक असेल. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, त्यांच्याही खिशात अशीच पट्टी होती, घासून घासून चंदेरी कागद काळपट पडलेली. तीन वर्षं ती त्यांना पूल, बोगदे, सभागृहं पार करवत होती. एकदा मी सहज तारीख वाचायला सांगितली. मुदत संपून दीड वर्ष होऊन गेलं होतं. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचली, हसले, आणि परत खिशात ठेवली. दोनेक महिन्यांनी मी विचारलं तेव्हा त्यांनी खिसा चाचपला. पट्टी नव्हती. कुठल्या शर्टात राहिली आणि कधी, हे त्यांना सांगता आलं नाही.